सव्वीस पिवळे रेनकोट आणि एक दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. बांबूचा, अडीच हात लांब, मधोमध घासून चपटा झालेला आणि दोन्ही टोकांना दोरीच्या खाचा असलेला. तुमच्याकडे पाण्याच्या कावडीला असतो ना, त्याच कुळातला. फरक इतकाच, की पाणी माझ्यावर लटकलं कमी आणि वरून पडलं जास्त. चीनमधल्या छोंगछिंग शहरात आयुष्य काढायचं तर पावसाशी सोयरीक ठेवावीच लागते.

माझा जन्म ल्यांगफिंगच्या डोंगरावरचा. आमच्या बनातला बांबू फार वेगानं वाढतो. एका संध्याकाळी माझ्या शेंड्यावर एक पाखरू विसाव्याला बसलं, आणि सकाळी त्यानं डोळे उघडले तर खाली ढग. बिचारं तीन दिवस उतरायला तयार नव्हतं. बनातले माझे भाऊबंद म्हणायचे, की ते ढग नव्हतेच, साधं धुकं होतं, आणि तीन दिवस कुठले, घटकाभर होतं. भाऊबंदांची स्मरणशक्ती पहिल्यापासून कमी.

मला श्यांगदादानं निवडलं. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. दिवसभर बनात फिरला, एकेका बांबूवर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि माझ्यापाशी थांबला. ऐन थंडीत, कीड झोपलेली असताना, त्यानं मला तोडलं. चार महिने चुलीवरच्या धुरात टांगलं, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि मोहरीचं तेल चोळचोळून जिरवलं. अंगाला जुन्या चहाच्या किटलीसारखा रंग आला. मग एका टोकाला गोधडी, दुसऱ्या टोकाला भाताचं पातेलं अडकवून तो मला खांद्यावर घेऊन शहरात उतरला. त्याला आता बत्तीस वर्षं झाली.

आमचं शहर सरळ बसलेलं नाही, उभं आहे. घर वर, बाजार खाली, दवाखाना त्याहून वर. मध्ये नुसत्या पायऱ्या. तिथे गाडी काय करणार? म्हणून आम्ही. कुणाला ओझं न्यायचं असलं की तो रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून ओरडायचा, “ए दांडा!” माणसाला माझ्या नावानं हाक मारायचे, मित्रांनो. असा मान किती वस्तूंना मिळतो? मी फ्रीज वाहिले, लग्नाची कपाटं वाहिली, जिवंत डुकरं वाहिली. एकदा पियानो वाहिला, आणि वाजवणाराही वर बसून वाजवतच होता. श्यांगदादा म्हणतो, वाजवणारा नव्हता, पियानोचं झाकण आपटत होतं. असेल. पण चालीत आपटत होतं.

मग शहरात लिफ्ट आल्या, सरकते जिने आले, मोटारसायकलवरून पार्सलं पोचवणारी पोरं आली. कोपऱ्यावर उभे राहणारे शंभर दांडे होते, त्यांचे चार उरले. श्यांगदादा मला मांडीवर आडवा घेऊन पायरीवर बसायचा. दिवस दिवस कुणी विचारायचं नाही. येणारी-जाणारी तरुण पोरं आमचा फोटो काढायची आणि आपली जड बॅग स्वतःच ओढत पुढे जायची. दादा म्हणायचा, “आपण आता पाहण्याची वस्तू झालो रे.” हे ऐकून मला आतून पोखरल्यासारखं व्हायचं. मुळात मी आतून पोकळच आहे, पण तुम्हाला भावना कळली असेल.

अशाच दिवसांत तो पावसाळी शनिवार उजाडला.

उत्तरेकडच्या सपाट मुलखातून निवृत्त गिरणी कामगारांची एक सहल आली होती. सव्वीस म्हातारे-म्हाताऱ्या, आणि त्यांना शहर दाखवणारी त्यान नावाची चोवीस वर्षांची पोरगी. तिच्या हातात काठी, काठीच्या टोकाला कापडाचा लाल मुळा. मुळ्याच्या मागे सगळ्यांनी चालायचं. दिवसभर शहर बघायचं आणि संध्याकाळी पाचला छाओथ्यानमन घाटावरून बोटीत बसून नदीनं खाली जायचं, असा बेत होता. मोठ्या पेट्या सकाळीच बोटीवर गेल्या होत्या. उरल्या हातातल्या पिशव्या. पाऊस असा, की छत्री धरावी तर पिशवी राहते आणि पिशवी धरावी तर छत्री. म्हणून त्याननं श्यांगदादाला दिवसभरासाठी बोलावलं. माझ्या दोन टोकांना सव्वीस पिशव्या लटकल्या. खूप दिवसांनी अंगाला बाक आला. बरं वाटलं.

निघण्याआधी पंचवीस जणांनी आपापल्या पिशव्या दिल्या. सव्विसावी देईना. ती होती च्याओआजी. वय शहात्तर, अंगानं गोल, उजवा गुडघा दुखरा. पिशवी छातीशी धरून बसलेली.

“मावशी, द्या इकडे,” श्यांगदादा म्हणाला. “माझ्या खांद्यावरून आजवर काही पडलेलं नाही.”

“पडायचं नाही, पण भिजेल.”

“आहे काय त्यात एवढं?”

“लाल बोरं. आमच्या अंगणातली. मी स्वतः वाळवलीत. माझ्या थोरल्या बहिणीला द्यायचीत.”

मग तिनं सगळं सांगितलं. थोरली बहीण त्र्याऐंशी वर्षांची, नदीच्या काठी, खालच्या एका गावात. आई गेली तेव्हा दोघी भेटल्या होत्या, त्याला एकतीस वर्षं झाली. बोट दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावाच्या घाटावर चाळीस मिनिटं थांबणार होती. थोरलीचं घर डोंगरात दोन तास वर. तिचा नातू तिला पाठुंगळी घेऊन घाटावर आणणार होता आणि त्याच दिवशी कामावर परत जाणार होता. धाकटीला गुडघ्यामुळे डोंगर चढता येत नव्हता, थोरलीला एरवी घाटावर उतरता येत नव्हतं. म्हणजे त्या चाळीस मिनिटांत काय ती भेट. बोट चुकली तर भेट चुकली, आणि या वयात पुन्हा कधी, हे दोघींपैकी कुणीच विचारत नव्हतं.

श्यांगदादानं आपल्या पाठीवरचं प्लॅस्टिक काढलं, बोरांच्या पिशवीला गुंडाळलं आणि पिशवी माझ्या मागच्या टोकाला सगळ्यात वर बांधली. आजीनं आपला फोनही भिजू नये म्हणून त्यातच खोचला. मग पिशवीला दोनदा थोपटलं, आणि चुकून एक थाप मलाही बसली. मित्रांनो, बत्तीस वर्षांत मला लोकांनी उचललं, टेकवलं, आपटलं. थोपटलं कुणी नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक थांब्यावर आजी यायची आणि पिशवीला दोनदा थोपटून जायची. देवळापाशी आली. जुन्या वेशीपाशी आली. पाऊस वाढला तेव्हा रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून सगळ्यांनी पिवळे प्लॅस्टिकचे रेनकोट घेतले, टोप्या डोळ्यांपर्यंत ओढल्या, तेव्हाही आली. सव्वीस पिवळे ठिपके मुळ्यामागून चालू लागले. आता गंमत अशी, की त्या दिवशी त्या विक्रेत्याकडे पिवळा सोडून दुसरा रंगच नव्हता, आणि पाऊस काही एकट्या आमच्याच सहलीवर पडत नव्हता.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही नदीकाठच्या एका अकरा मजली इमारतीत गेलो. ही इमारत कड्याला चिकटलेली आहे. पहिल्या मजल्याचं दार नदीच्या रस्त्यावर उघडतं आणि अकराव्या मजल्याचं दारही रस्त्यावरच उघडतं, फक्त तो रस्ता वरच्या पेठेचा. आमच्या इथे हे इतकं नेहमीचं, की त्यान पोरीच्या डोक्यातही आलं नाही. ती म्हणाली, “पाऊण तासानं रस्त्यावरच्या दाराशी जमायचं.” झालं. सपाट मुलखातल्या माणसाला एवढंच माहीत, की जिथे रस्ता, तिथे जमीन. च्याओआजी लिफ्टमधून वरच्या दाराशी बाहेर पडली. बस दिसली, झाडं दिसली, समोर पिवळे रेनकोट दिसले. ती त्यांच्यात जाऊन निवांत उभी राहिली. आम्ही बरोबर तिच्या पायाखाली होतो. मध्ये दहा मजले.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मी इमारतीच्या बाहेर, वळचणीला भिंतीशी टेकून उभा होतो. त्याननं मुळ्यानं एकेकाकडे बोट करत मोजलं, सव्वीस भरले, आणि सगळे जेवायला गेले. समोरच्या खाणावळीत सव्वीस वाडगे शेवया गेल्या, सव्वीस रिकामे वाडगे परत आले. पावणेतीनला मंडळी ढेकर देत बाहेर आली. श्यांगदादानं मला खांद्यावर घेतलं. मी वाट बघत होतो. थोपटणं आलंच नाही.

मी करकरलो. दादा चालतच राहिला. मी पुन्हा करकरलो, आणि असा, की रस्त्यापलीकडच्या चांभारानं मान वर केली. कुणी म्हणेल, ओला बांबू करकरणारच. म्हणो बापडे. श्यांगदादा थांबला आणि त्यानं मागे वळून पाहिलं, एवढं खरं.

“त्यान पोरी, च्याओमावशी कुठाय?”

“असतील की मागे, काका. मी मोजलेत. सव्वीस आहेत.”

“पुन्हा मोज बरं.”

तिनं पुन्हा मोजले. सव्वीस.

“मोजणी बरोबर आहे,” दादा म्हणाला. “पण मावशी नाही.”

पाऊस तडतडत होता. त्यान एकेकाची टोपी वर करत निघाली. लूआजोबा, गिरणीतले जुने मुकादम. त्यांच्या शेजारच्या च्याबाई. असं करत करत शेवटच्या टोपीखाली एक हडकुळा, टकला म्हातारा निघाला. दात कोरत होता.

“तुम्ही कोण?”

“मी फांग.”

“आमच्या सहलीत कसे?”

“मलाही तोच प्रश्न पडला होता. पण तेवढ्यात जेवण आलं.”

“अहो, मघाशी मी ‘च्याओआजी, पोट भरलं का’ म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही मान हलवलीत.”

“पोट भरलं होतं,” फांगआजोबा म्हणाले. “शिवाय तू एवढ्या मायेनं विचारलंस. नाही कशाला म्हणायचं?”

च्याबाई म्हणाल्या, “मला वाटलं, च्याओ पलीकडच्या टेबलावर बसलीय.” पलीकडच्या टेबलावाल्यांना वाटलं होतं, ती अलीकडच्या टेबलावर आहे.

त्याननं घाईघाईनं आजीचा फोन लावला. माझ्याच मागच्या टोकाला, बोरांच्या पिशवीत, गाणं वाजायला लागलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. इतकं लाजिरवाणं मला कधी झालं नव्हतं.

फांगआजोबांच्या गळ्यात त्यांच्या सहलीचं कार्ड होतं, पण त्यावरचा नंबर पावसात धुऊन निळं डबकं झाला होता. त्यांना एवढंच आठवत होतं, की त्यांच्या पोराच्या काठीला हिरवा बेडूक आहे, तो त्यांना आधी वरच्या टेकडीवर चहाला नेणार होता आणि साडेचारला खाली घाटाजवळ बस होती. बस कुठे जाणार? शहराबाहेर, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, तीस कोस.

यांची मंडळी इमारतीच्या वरच्या दाराशी जमली होती; हे चुकून खाली आले, तशी च्याओआजी वर त्यांच्यात गेली असणार. म्हणजे साडेचारला ती त्या बसमध्ये बसली, तर पाचची बोट गेली. आणि बोटीबरोबर चाळीस मिनिटं गेली.

त्यान पायऱ्यांकडे वळलीच. “काका, मी जाते वर.”

“तू पंचवीस सांभाळ. एक मी आणतो,” श्यांगदादा म्हणाला. त्यानं दोऱ्या सोडल्या आणि पिशव्या खाली ठेवायला लागला. बोरांची पिशवी मात्र ठेवली नाही.

लूआजोबा कुरकुरले, “म्हणजे पिशव्या आता आम्ही उचलायच्या?”

“उचला की,” च्याबाई म्हणाल्या. “सकाळपासून पोट तेवढं उचलताय.”

पंचवीस जणांनी आपापलं ओझं घेतलं आणि मुळ्यामागून घाटाकडे निघाले. श्यांगदादा, फांगआजोबा आणि मी टेकडीकडे वळलो.

टेकडीची वाट म्हणजे पायऱ्याच. पावसाचं पाणी पायऱ्यांवरून आमच्या उलट्या दिशेनं धावत होतं. वीस पायऱ्यांनंतर फांगआजोबा थांबले.

“एवढ्या पायऱ्या कुणी बांधल्या हो?”

“ज्यांना चढायच्या नव्हत्या त्यांनी,” दादा म्हणाला.

“मी इथेच बसतो. तुम्ही जाऊन या.”

“आणि मी बेडूक ओळखू कसा? आज टेकडीवर निदान दहा सहली असतील, सगळ्या पिवळ्या.”

“बेडूक हिरवा आहे.”

“चला, आजोबा.”

शेवटी दादानं मला मागे धरलं, माझं दुसरं टोक आजोबांच्या हातात दिलं आणि त्यांना ओढत वर नेलं. मित्रांनो, मी ओझी वाहिली होती, पण माणूस ओढण्याची पहिलीच वेळ. फांगआजोबा मध्येच डोळे मिटून घ्यायचे. मला संशय आहे की ते डुलक्या काढत होते.

चहाच्या दुकानात पंख्याखाली खुंट्यांवर तीस रेनकोट ठिबकत होते. हिरवा बेडूक दाराशी उभा होता. आत तीस माणसं चहा पीत होती, आणि एका कोपऱ्यात, रेनकोट न काढता, च्याओआजी वेताच्या खुर्चीत बसली होती. पाय समोरच्या स्टुलावर. गुडघा वाफवलेल्या पावासारखा फुगला होता. श्यांगदादाला बघून तिचा पहिला प्रश्न आला.

“पिशवी भिजली नाही ना?”

“कोरडी आहे, मावशी.”

“मी याला तीनदा सांगितलं की मी तुमच्यातली नाही,” ती बेडूकवाल्या पोराकडे बोट करून म्हणाली. “हा म्हणतो, आजी, तुम्ही दमलात, एकतीस बरोबर आहेत. मग मी स्वतः मोजले. एकतीस भरले. मलाच वाटायला लागलं, की मी यांचीच असेन.”

हसत म्हणाली, पण खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला होता. उठून जायचं तर गुडघा वाकत नव्हता, आणि जायचं कुठे हेही ठाऊक नव्हतं. आकाश सगळीकडे सारखंच करडं. तिच्या मुलखात माणूस उन्हावरून उत्तर-दक्षिण ओळखतो. इथे ऊनच नाही, आणि वाट विचारली तर लोक वर किंवा खाली एवढंच सांगतात.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दुकानाच्या खिडकीतून घाटाकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता दिसत होता. त्यावर गाड्यांचे लाल दिवे मण्यांसारखे ओवलेले, आणि एकही मणी हलत नव्हता. गाडीनं जाण्यात अर्थ नव्हता. खाली जायला एकच वाट, पायऱ्यांची. आजीला तर एक पायरी उतरवेना.

श्यांगदादानं माझ्याकडे पाहिलं. मी समजलो.

दुकानाबाहेर लुओबाई भाजी विकायला बसायची. तिचे दोन मोठे हारे होते, कोबीनं भरलेले.

“ताई, हारे दे थोड्या वेळासाठी.”

“माझे हारे भाजीचे आहेत, माणसांचे नाहीत.”

“माणूस भाजीएवढाच आहे. शहात्तर वर्षांची.”

लुओबाईनं आत डोकावून आजीकडे पाहिलं, मग दादाकडे. “तुझं वय काय रे?”

“एकसष्ट.”

“अक्कल तेवढी सोळावर अडकली,” असं म्हणत तिनं दोन्ही हारे उपडे केले. कोबी पायरीवर गडगडले. “परत आण. आणि रिकामे आण.”

आता मित्रांनो, आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. दांड्याला एका बाजूचं ओझं चालत नाही. एका टोकाला जेवढं, तेवढंच दुसऱ्या टोकाला लागतं, नाहीतर माणूस भोवऱ्यासारखा फिरतो. आजीच्या वजनाचं काय घ्यावं, असा विचार चालला होता, तेवढ्यात फांगआजोबा आपणहून दुसऱ्या हाऱ्यात जाऊन बसले.

“मला तसंही घाटावरच जायचंय. आणि यांचं जेवण मी खाल्लंय.”

तरी आजीचं पारडं जड झालं. म्हणून बोरांची पिशवी आजोबांच्या मांडीवर दिली. आजी हाऱ्यात बसायला राजी होईना. “मी काय कोबी आहे?”

“कोबी एवढा बोलत नाही, मावशी. बसा. बहीण वाट बघतेय.”

ती बसली.

श्यांगदादानं गुडघे वाकवले, मला खांद्यावर घेतलं आणि उठला. त्या क्षणी माझ्या अंगातल्या प्रत्येक पेराला आपापलं वय कळलं. तीनशे बारा पायऱ्या होत्या. दादा म्हणतो, दोनशे ऐंशी. त्यानं मोजल्या नाहीत, मी मोजल्या. एकसष्ट वर्षांचा माणूस, कापडी बूट, खाली वाहतं पाणी, आणि खांद्यावर दोन जीव. पण त्याचं चालणं बघायला हवं होतं. आखूड पावलं, टाच आधी, माझ्या लवण्याशी जुळवून घेतलेला श्वास. मी वर गेलो की पाऊल, खाली आलो की टेकण. हारे हलत होते, पण झुलत नव्हते. वर येणारे लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. एका लहान मुलीनं आईला विचारलं, “आजी-आजोबा कितीला?” आणि आईनं तिचं तोंड दाबलं.

“फांगभाऊ,” मागच्या हाऱ्यातून आजीनं विचारलं, “तुमच्याकडून कुटकुट कसला आवाज येतोय?”

“भीतीनं दात वाजतायत.”

ते बोरं खात होते. मला आधीच कळलं होतं. तोलाला मात्र धक्का नव्हता. बोर पिशवीत असो की पोटात, माझ्या लेखी वजन तेच.

शंभर-एक पायऱ्या उरल्या असताना वाट एका घरावरून काटकोनात वळते. तिथे मागचा हारा भिंतीला घासला, हिसका बसला, आणि माझ्या पोटातून चर्र झालं. मध्यापासून वीतभर चीर गेली. बत्तीस वर्षांत मी कधी घाबरलो नव्हतो, तेव्हा घाबरलो. माझे दोन तुकडे झाले असते, तर दोघं म्हातारी माणसं त्या ओल्या दगडांवरून थेट नदीत.

श्यांगदादा थांबला नाही. त्यानं डावा तळवा वर नेला, माझ्या चिरेवर ठेवला आणि दाबून धरला. खांदा बदलणं आता शक्य नव्हतं. बदलला असता तर मी उघडलोच असतो. मग एकाच खांद्यावर, एक हात वर धरून, तो उरलेल्या पायऱ्या उतरला. त्याच्या तळव्यात माझी कपची घुसली, रक्त माझ्यात मुरलं.

“भाऊ, काय वाजलं रे मघाशी?” आजी म्हणाली.

“बोटीचा भोंगा, मावशी.”

“भोंगा असा वाजतो?”

“जुनी बोट आहे.”

घाटावर पोचलो तेव्हा पाचला आठ मिनिटं होती. बोटीची फळी अजून खाली होती, आणि त्यान फळीच्या तोंडाशी पावसात उभी. मुळा बगलेत मारून ती चढणाऱ्या प्रत्येकाची टोपी वर करत होती आणि नाव घेऊन आत सोडत होती. आकडा एकदाही तोंडातून काढला नाही. आम्हाला बघितलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

आजी हाऱ्यातून उतरली. पिशवी हातात घेतली, वजन केलं आणि फांगआजोबांकडे पाहिलं.

“अर्धी संपली.”

“चांगली होती,” आजोबा म्हणाले. “बहिणीला सांगा.”

“राहू दे. तिला आता दात कुठे आहेत? अर्धी पुरतील.”

मग ती श्यांगदादाकडे वळली. त्यानं डावा हात पाठीमागे नेला होता. तिला बोलायचं खूप असावं, पण फळी उचलायला लागले होते. “थोरलीला तुझं नाव सांगते,” एवढंच म्हणाली आणि त्यानच्या आधारानं आत गेली.

फांगआजोबा आपल्या बसमध्ये जाऊन बसले. पायऱ्या उतरताना त्यांची मंडळी मागे पडली होती, म्हणून बस खोळंबली होती. शेवटी बेडूकवाल्या पोरानं मोजले. एकतीस भरले. त्याचा आकडा दिवसभर बरोबरच होता.

लुओबाईचे हारे श्यांगदादानं त्याच संध्याकाळी वर नेऊन दिले. मला काखोटीला मारून, दोन्ही हारे डोक्यावर घालून.

दोन दिवसांनी त्याननं त्याच्या फोनवर एक फोटो पाठवला. धुकं, घाट, एक तरुण नातू पायरीवर बसून दम खातोय. आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींची मनगटं धरून उभ्या, दोघींची तोंडं उघडी. त्याननं खाली लिहिलं होतं, ‘चाळीसही मिनिटं दोघी एकदमच बोलत होत्या. कुणी कुणाचं ऐकलं कोण जाणे.’ श्यांगदादानं तो फोटो मला दाखवला. म्हणजे फोन माझ्याजवळ धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मी दाखवला असंच धरतो.

आता माझ्या चिरेवर तारेचे चार वेढे आहेत. ओझ्याचं काम सुटलं. दादानं नवा दांडा आणला, हिरवट, गर्विष्ठ, अजून पुरता धुरातही न मुरलेला. मी सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत आडवा टांगलेला असतो. माझ्यावर सदरे वाळतात, थंडीत मांसाच्या माळा वाळतात. दादाची बायको अधूनमधून म्हणते, “फेका की तो चिरका. लोखंडी नळी घालू.” दादा म्हणतो, “उद्या बघू.” असे पुष्कळ उद्या झाले.

मित्रांनो, तुम्हीही सहलींना जाल, पावसात भिजाल, एका रंगाचे रेनकोट घालाल. तेव्हा आपली माणसं नुसती मोजू नका. टोपी वर करून तोंड बघा, नाव घेऊन हाक मारा. आणि घरातली जुनी वस्तू करकरली, तर तिच्यावर वैतागण्याआधी क्षणभर थांबा. चिरलेलं सगळंच टाकाऊ नसतं. त्याला थोडी तार लागते, थोडं तेल लागतं, आणि ते अजून बरंच धरून ठेवतं.

पाऊस लागला की श्यांगदादा कपडे काढायला गॅलरीत येतो. त्याच्या डाव्या तळव्यावर एक पांढरी रेघ आहे. कपडे काढण्याआधी तो तारेच्या वेढ्यांवरून तोच तळवा एकदा फिरवतो, सैल तर झाले नाहीत ना बघतो. बोलत काही नाही. मीही अशा वेळी करकरत नाही.